मुंज दोन आठवड्यांवर आलीय, पोराला गहू चालत नाही. पाहुणचार कसा जमवता?

सुदामानगरची_सून
11 एप्रिल, रात्री 10:52

इथे कित्येक वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरचे. मुलगा नऊ वर्षांचा, चौदा महिन्यांपूर्वी त्याला सीलिअ‍ॅक निघाला. म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडं खराब होतं तो आजार. उंची वाढत नव्हती, लोहाची औषधं चालू असून हिमोग्लोबिन वर येईना, पोट कायम फुगलेलं. आधी रक्ताची टीटीजी चाचणी (या आजारात ती वाढलेली येते), मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासणी. त्या दिवसापासून गहू, रवा, मैदा, जव सगळं बंद. घरात आता आम्ही कुणीच खात नाही. छोटी घरघंटी घेतली, ज्वारी-मका त्यावरच दळतो. घरी काही अडत नाही. अडतं ते दाराबाहेर पाऊल टाकलं की.

मागच्या आठवड्यात मावशीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मावशीचा फार जीव आहे त्याच्यावर. तिने आठवणीने तांदळाची पिठी आणली, तवा दोनदा घासला. बाहेर बायका आंब्याची डाळ आणि पन्हं घेत होत्या आणि हा आत पाटावर बसून तिच्या हातची गरम भाकरी खात होता. मी दारात उभी राहून बघत होते, भरून आलं होतं मला. तिने तिसरी भाकरी थापायला घेतली आणि डाव्या हाताने, न बघता, शेजारच्या डब्यातून चिमूटभर पीठ घेऊन परातीत भुरभुरलं. डबा कणकेचा.

"अगं, चिकटत होती म्हणून जरासं..."

दोन भाकऱ्या तोवर पोटात गेल्या होत्या. रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या, पुढे तीन दिवस शाळा नाही. मावशी रोज दोनदा फोन करते आणि रडते. तिला मी काय बोलणार?

आता 27 तारखेला मोठ्या दिरांच्या मुलाची मुंज आहे, इथेच राजेंद्र नगरला. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. माझ्या मुलाची मुंज गेल्या वर्षी झाली, त्यामुळे तो अष्टवर्गाच्या आठ मुंज्यांत बसणार आहे. महिनाभर तेच डोक्यात आहे त्याच्या. जाऊबाई म्हणतात, "तू फक्त सांग काय करायचं, मी करते." गाडी इथेच अडते. सगळी यादी दिली तर त्या धास्तावतात, थोडक्यात सांगितलं तर कणकेचा डबा राहून जातो. तुम्ही काय करता?

बडोद्याचा_बंड्या
11 एप्रिल, रात्री 11:20

डबा. विषय संपला. बायकोला सहा वर्षं झाली, कुणाकडेही गेलो तरी डबा सोबत. सुरुवातीला लोक रुसायचे, आता विचारतात, आज काय आणलंय?

सुदामानगरची_सून
11 एप्रिल, रात्री 11:31

डबा नेतेच हो. पण मोठ्या माणसाने डबा उघडणं वेगळं आणि आठ पोरांच्या रांगेत एकट्याच पोराने उघडणं वेगळं.

लष्करची_आजी
12 एप्रिल, सकाळी 6:05

सूनबाई, मी ग्वाल्हेरची. वय 71. नातीला हाच आजार आहे.

मुलीने मला फोनवर समजावलं होतं, क्रॉस-कंटॅमिनेशन म्हणून काहीतरी म्हणाली. मी हो हो म्हटलं. मग तिने कागद छापून पाठवला, तो फ्रिजवर चिकटवला. तरी नात आली की काहीतरी व्हायचंच. एकदा तुपाच्या भांड्यात पोळीला लावलेला चमचा गेला, एकदा पापड फुलक्याच्या चिमट्याने भाजला. पोरगी पोट धरून बसायची आणि मी देवापुढे.

एका वर्षी ती आषाढीला आली. मला उपवास. घरात दिवसभर खिचडी, बटाट्याची भाजी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, तेच तिने खाल्लं. तिला काही म्हणजे काही झालं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्न होऊन आल्यापासून मी एकादशी करतेय. त्या दिवशी कढई वेगळी घासून घेते. फोडणीला तूप-जिरं, हिंग-मोहरी नाही. खिचडीचा चमचा दुसऱ्या कशात जात नाही. कणकेचा हात असेल तर धुतल्याशिवाय साबुदाण्याला लावत नाही. हे मला कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं, आणि मी कधी चुकतही नाही.

मुलीला म्हटलं, तू ते इंग्रजी सोड. सरळ सांग की पोरीची एकादशी आहे असं समजून करा. सोवळ्यात करतो तसं. फक्त या एकादशीला भात आणि ज्वारी चालते!

तुझ्या जाऊबाईंना एवढंच सांग. यादी नको.

कचोरी_वियोगी
12 एप्रिल, सकाळी 9:14

आजी, दंडवत. मी आठ वर्षांचा असल्यापासून डॉक्टर जे समजावतायत ते तुम्ही एका शब्दात सांगितलंत. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

ताटवाटी
12 एप्रिल, दुपारी 1:40

मी आहारतज्ज्ञ आहे. आजींची कल्पना इतकी चांगली आहे की मी ती आता माझ्याकडे येणाऱ्यांना सांगणार. पण तिला तीन ठिकाणी ठिगळ लावावं लागेल.

एक, राजगिरा आणि शिंगाड्याचं पीठ उपवासाला चालतं हे खरं, पण ज्या गिरणीत दिवसभर गहू दळला तिथेच ते दळलं असेल तर या मुलांना चालत नाही. पहिला घाणा गव्हाच्या पिठाचाच असतो. ज्वारी-बाजरीचंही तेच. साबुदाणा, वरई हे अख्खे जिन्नस निवडून धुऊन घेता येतात, म्हणून बरे.

दोन, चातुर्मासात काही घरी धान्यफराळ करतात, म्हणजे धान्य भाजून घेतलं की चालतं. तिथे गहूही भाजून चालवतात. ग्लुटेन भाजल्याने, तळल्याने, उकळल्याने जात नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणा वडा तळला तर तो वडा गेला.

तीन, लाकूड. स्टीलचं भांडं साबणाने खसखसून घासलं की स्वच्छ होतं. लाकडी पोळपाट, उलथनं, भेगा पडलेली रवी यांच्या रेघांत पीठ बसलेलं असतं. आणि घासणीसुद्धा! कणकेची परात ज्या काथ्याने घासली त्यानेच पोराचं ताट घासलं तर काय उपयोग?

किती सांभाळायचं याचा अंदाज यावा म्हणून हिशेब देते. एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. सीलिअ‍ॅकच्या रुग्णाच्या पोटात दिवसाला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये असं धरतात. म्हणजे एका पोळीचे अडीचशे तुकडे करा, त्यातला एक. मावशींची चिमूट त्याहून मोठी होती.

जाता जाता: घरातला गहू बंद करण्याआधी तुमची दोघांची आणि भावंडांची टीटीजी झाली होती ना? गहू सोडल्यावर तपासणी केली तर आजार असूनही निकाल चांगला येऊ शकतो.

सुदामानगरची_सून
12 एप्रिल, दुपारी 3:02

हो, डॉक्टरांनी ते आधीच करून घेतलं. आम्ही दोघं आणि धाकटी, तिघंही ठीक.

खवट_काका
12 एप्रिल, सायंकाळी 5:25

आमच्या लहानपणी असले आजार नव्हते. माळव्यात राहून गहू चालत नाही म्हणजे कमाल झाली. सगळा दोष या संकरित गव्हाचा. खपली किंवा मालवी गहू देऊन बघा, बाफले खाऊन पोर टुणटुणीत होईल. आणि सणासुदीला एखादा घास खाल्ला तर आकाश कोसळत नाही.

ताटवाटी
12 एप्रिल, सायंकाळी 6:10

काका, खपली, मालवी, शरबती, सगळे गहूच, सगळ्यांत ग्लुटेन आहे. कृपा करून हा प्रयोग कुणाच्या पोरावर करू नका.

आजार नवा नाही, नाव कळायला उशीर झाला. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय युद्धाआधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि वॉर्डातली ही मुलं उलट सुधारायला लागली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. उत्तर भारतातल्या पाहण्यांत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला आहे. तुमच्या लहानपणीही वर्गात एखादा किडकिडीत, कायम पोट बिघडलेला मुलगा असेलच. त्याला काय म्हणायचे तुम्ही?

एका घासाबद्दल: ही अ‍ॅलर्जी नाही. शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. काहींना वरून काही जाणवत नाही, पण आत अस्तर झिजत असतं.

खवट_काका
12 एप्रिल, सायंकाळी 6:44

आमच्या वर्गात होता एक. आम्ही त्याला काडीपैलवान म्हणायचो. असो.

कचोरी_वियोगी
12 एप्रिल, रात्री 11:48

आलो. आता 22 वर्षांचा आहे, इंदूर सोडून पुण्यात नोकरी. ताई, तुमच्या मुलाच्या बाजूने थोडं सांगतो.

नातेवाईक परवडले, मित्र अवघड. नातेवाइकांना आईने सांगितलेलं असतं. मित्राच्या घरी आपण अचानक धडकतो आणि काकू म्हणतात, "अरे पोहेच तर आहेत." इंदुरात पोह्यांवर बारीक सेव आणि जिरावन हा मसाला पडतो. पोहे चालतात, सेव आणि जिरावन दोन्हींत हिंग, आणि हिंगात मैदा. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: खाण्याचा गोंद, गव्हाचं पीठ, हिंग. हे मला पंधराव्या वर्षी कळलं, म्हणजे सात वर्षं मी दर रविवारी थोडं थोडं खातच होतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबी उलटी करून वाचून घ्यायची. आंब्याच्या डाळीत हिंग असतो, वरणात असतो, गोड्या मसाल्यात असतो. ताई, तुमच्या मावशींच्या भाकरीचं तुम्हाला दिसलं, पण डाळीची वाटीही त्याला मिळाली होती का ते विचारून बघा.

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मी काय खायचो: गराडू नाही, कारण कढई सामायिक. भुट्ट्याचा कीस फक्त घरचा. साबुदाणा खिचडी घ्यायचो, वरचं मिक्स्चर न टाकता, आणि आधी विचारून. उपवासाच्या खाण्याला इंदुरात फरियाली म्हणतात, ते विचारलं की दुकानदार रागवत नाही. "भिया, गेहूं है क्या?" असं विचारलं की तो आपल्याकडे इन्कम टॅक्सवाला आल्यासारखं बघतो. "फरियाली है ना?" म्हटलं की छातीवर हात ठेवून शपथ घेतो. आजींचाच मुद्दा.

आणि एक कबुली. अकरावीत मित्रांबरोबर मी महिनाभर चोरून कचोरी खाल्ली. काही झालं नाही, म्हणून मला वाटलं बरा झालो. पुढच्या तपासणीत टीटीजी आकाशाला, आणि आई डॉक्टरांसमोर गप्प बसलेली. रागवली असती तर बरं झालं असतं. तेव्हा पोराला "खाल्लंस तर आजारी पडशील" एवढंच सांगू नका. एक दिवस तो खाईल, आजारी पडणार नाही, आणि तुम्ही खोट्या ठराल. आतड्याचं चित्र काढून दाखवा, त्या वयात कळतं.

अनामिका_नारायणबाग
13 एप्रिल, सकाळी 10:20

सगळं पटलं, पण सोवळं हा शब्द नको वाटतो. माझ्या आजीच्या घरी सोवळ्याच्या नावाखाली कुणाकुणाला स्वयंपाकघराबाहेर बसवलं जायचं ते मी पाहिलंय. माझ्या पोराच्या आजारासाठी मला तो शब्द पुन्हा घरात आणायचा नाही.

लष्करची_आजी
13 एप्रिल, सकाळी 11:02

बाळा, खरं आहे तुझं. मीही महिन्याचे चार दिवस बाहेर बसलेली आहे. एकादशी म्हण. त्यात कुणाला बाहेर बसवावं लागत नाही.

अनामिका_नारायणबाग
13 एप्रिल, सकाळी 11:09

🙏

गुरुजी_सुट्टीवर
13 एप्रिल, रात्री 9:30

पौरोहित्य करतो म्हणून एका गोष्टीत तोंड घालतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचं काय करणार आहात? "प्रसादाला नाही म्हणू नये" हे वाक्य मी पूजा सांगताना शंभरदा ऐकलंय, आणि पोराच्या हातावर शिरा ठेवणारा हात कुठल्या आजोबांचा असेल सांगता येत नाही.

शिरा रव्याचाच हवा असं कुठेही नाही. कथेच्या पहिल्याच अध्यायात प्रसादाचे जिन्नस दिलेत: केळं, तूप, दूध, गव्हाचं चूर्ण. आणि लगेच पुढे, "अभावे शालिचूर्णं वा". गहू नसेल तर तांदळाचं पीठ. साखर नसेल तर गूळ. तांदळाचा रवा काढा, सव्वाच्या मापाने सगळं घ्या, केळं घाला. सगळ्यांनाच तो वाटा. कुणी हरकत घेतली तर पोथी उघडून दाखवा, मी पान सांगतो.

सुदामानगरची_सून
13 एप्रिल, रात्री 9:52

गुरुजी!! पंधरा वर्षं कथा ऐकतेय, ही ओळ कधी कानावरच पडली नाही. सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस तू पोराला नुसतं तीर्थ का देत होतीस?" घ्या!

बडोद्याचा_बंड्या
14 एप्रिल, सकाळी 8:15

हलवायाचं बघा. घरचे सगळे ऐकतात, पण पंगतीचा स्वयंपाक हलवाई करतो आणि त्याच्या चार पोरांना काहीच माहीत नसतं. मागे एका लग्नात बायकोसाठी वेगळा काढून ठेवलेला भात वाढप्याने पुरीच्या ताटाने झाकला होता. काढून ठेवलेलं झाकून, नाव घालून, मंडपातून लांब ठेवा. आणि वाढायला सुरुवात व्हायच्या आधी वाढून घ्या. मोठ्या पंगतीत पहिल्या पाच मिनिटांनंतर कुठला डाव कशात जाईल ते देवच जाणे.

सुदामानगरची_सून
29 एप्रिल, रात्री 11:15

झाली मुंज. आता सविस्तर लिहिते, तुम्हा सगळ्यांचं देणं लागते.

जाऊबाईंना फोनवर एकच वाक्य सांगितलं, "वहिनी, त्याची एकादशी समजा, फक्त भात चालतो." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे हिंगही नाही?" मी न सांगता! चौदा महिन्यांत कुणीही नातेवाइकाने स्वतःहून हिंगाचं विचारलं नव्हतं.

पुढचं त्यांनीच ठरवलं आणि ते मला सुचलं नसतं. त्या म्हणाल्या, एकट्यासाठी वेगळं कशाला, मातृभोजनाचा आणि अष्टवर्गाचा स्वयंपाक मी घरीच करते, सगळ्या नऊ पोरांना तेच. पांढरा भात, बिनहिंगाचं साधं वरण, घरचं नवं तूप, उकडलेल्या बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड, केळं. मीठ-साखरेचे नवे पुडे फोडले. सकाळी सातला, पोळ्यांच्या ताई यायच्या आत, स्वयंपाक तयार होता. बटू आईच्या ताटात जेवला, आठ मुंजे रांगेत बसले, आणि कुणाचंच ताट वेगळं नव्हतं. माझं पोर श्रीखंड तीनदा मागून घेत होतं. फोटोत मी नाही, कारण मी न्हाणीघरात जाऊन रडत होते.

दुपारच्या मोठ्या पंगतीत मात्र गंमत झाली. हलवायाला सांगितलं होतं, तो मान डोलावत होता, पण भजी आणि पुऱ्या एकाच कढईत. ते अपेक्षितच होतं, म्हणून त्याला पुन्हा सकाळचंच वाढून बसवलं. वाढपी जिलबीची परात घेऊन आला. मी पाच पानं लांब होते, ओरडले तरी ऐकू गेलं नसतं. पोराने दोन्ही हात पसरून पान झाकलं आणि म्हणाला, "काका, माझी एकादशी आहे." तो वाढपी म्हणाला, "अरे वा, एवढासा असून?" आणि पुढे गेला. शेजारच्या आजोबांनी खिशातून दहा रुपये काढून दिले, एकादशी करतो म्हणून! ते पैसे परत करायला लावावेत की नाही यावर घरात अजून एकमत नाही.

चुकलंही एक. आदल्या संध्याकाळी पाहुण्यांना पोहे केले होते, त्याच्यासाठी सेव-जिरावनाशिवाय काढून ठेवले. पण फोडणीतला हिंग घरचा जुना. ते माझ्याच लक्षात आलं नाही, वहिनींचा दोष नाही. त्याने दोनच चमचे खाल्ले होते तेव्हा मी ओरडले आणि सगळे घाबरून माझ्याकडे बघायला लागले. या वेळी काही त्रास दिसला नाही, पण ताटवाटी म्हणतात तसं, आत काय झालं कुणास ठाऊक. तांदळाच्या पिठाच्या हिंगाच्या आता दोन डब्या पर्समध्येच ठेवते, एक आपली आणि एक ज्यांच्याकडे जाऊ त्यांना द्यायला.

सत्यनारायणाला तांदळाच्या रव्याचा शिरा. जरा चिकट झाला होता, खरं सांगते. पण पहिला द्रोण त्याच्या हातावर ठेवला सासूबाईंनी.

कचोरी_वियोगी
30 एप्रिल, सकाळी 9:03

"काका, माझी एकादशी आहे." 😂 हे मी आठव्या वर्षी का नाही म्हटलं? दहा रुपये ठेवू द्या त्याला, कमावलेत.

ताटवाटी
30 एप्रिल, सकाळी 10:37

शिरा चिकट झाला कारण तांदळाचा रवा तुपावर कमी भाजला गेला असेल. चांगला खमंग भाजून मग उकळतं दूध-पाणी, आणि गव्हाच्या रव्यापेक्षा थोडं कमी.

गुरुजी_सुट्टीवर
30 एप्रिल, दुपारी 12:20

चिकट शिरा देवाला चालतो.

सुदामानगरची_सून
2 मे, रात्री 8:40

मावशीकडे जाऊन आलो. तिने नवं पोळपाट-लाटणं आणलंय, स्टीलचं, आणि मागे लाल नेलपॉलिशने पोराचं नाव लिहिलंय. कणकेचा डबा चक्क गॅलरीत नेऊन ठेवला होता. आंब्याच्या डाळीचं विचारलं तर म्हणाली, "दिली होती ना वाटीभर, त्यात कुठे गहू असतो?" कचोरी_वियोगी, तुझा अंदाज बरोबर होता. हिंगाची डबी देऊन आले.

तिचा प्रश्न एकच: कणीक भुरभुरायची नाही तर भाकरी परातीला चिकटू नये म्हणून करायचं काय? ज्यांना येते त्यांनी सांगा, तिला फोनवर वाचून दाखवते.

लष्करची_आजी
3 मे, सकाळी 5:50

पिठी जेवढ्या वाट्या तेवढंच पाणी उकळायचं, चवीला मीठ. उकळी आली की गॅस बंद करून पिठी घालायची, उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेवायचं, पाच-सात मिनिटं. मग परातीत काढून गरम असतानाच पाण्याच्या हाताने चांगली मळायची. थापताना खाली तांदळाचीच पिठी, सढळ हाताने. आणि मावशीला म्हणावं, दांडा लाकडी असेल तर तोही नवा घे.